गावात फायबर आलंय, पण घरात कोण नेणार? शेवटच्या एक किलोमीटरचा धंदा



आजचा विषय इंटरनेटचा आहे, पण सुरुवात एका फॉर्मपासून करतो.

माझं दुकान इंदापूर तालुक्यात, पालखी मार्गाला लागून. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, मोबाईल रिपेअरिंग, थोडी स्टेशनरी. काही वर्षांपूर्वी एका भरतीच्या अर्जाची शेवटची तारीख होती. दुपारी तीनला अकरा मुलं-मुली रांगेत. सव्वातीनला फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागला. बाहेर रस्त्याचं काम चालू होतं, जेसीबीच्या बकेटमध्ये मातीबरोबर आमची केबलही वर आली होती. मोबाईलचा डेटा लावून पाहिला, तर साइट अर्ध्यात लटकायची. शेवटी मुलांना दोन-दोन करून गाडीवर इंदापुरात मित्राच्या दुकानी नेलं. रात्री साडेअकरापर्यंत नऊ जणांचे अर्ज गेले. दोघांचे राहिले.

त्यातल्या एका मुलीचे वडील दुसऱ्या दिवशी आले. भांडले नाहीत. फक्त एवढंच विचारलं, "तुमच्याकडं दुसरी लाईन नव्हती का?"

मी बीबीए केलंय. धंद्यातल्या जोखमीवर तासभर बोलू शकतो. आणि माझ्याच दुकानात दुसरी लाईन नव्हती.

तेव्हापासून मी हा विषय नीट समजून घेतला. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. तुम्ही बारामती-इंदापूरकडं राहत असाल आणि गावातच काहीतरी धंदा करायचा विचार असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा. यात संधी आहे, आणि पैसे बुडायची जागा पण आहे. दोन्ही सांगतो.

इंटरनेट म्हणजे नीरा डावा कालवा

आपल्याकडं ही गोष्ट कालव्यावरून पटकन समजते. वीर धरणातून नीरा डावा कालवा निघतो, बारामती तालुका ओलांडून इंदापूरकडं येतो. कालव्यातून वितरिका, त्यातून चाऱ्या, चारीतून शेत. आता सांगा, टेलच्या शेतकऱ्याची तक्रार काय असते? धरणात पाणी नाही, ही नसते. धरणात पाणी आहे, माझ्या शेतात येत नाही, ही असते.

इंटरनेटचं अगदी तसंच आहे. समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. तिथून मोठ्या क्षमतेची फायबर पुण्याला, पुण्याहून महामार्गांच्या कडेनं तालुक्याला. हा झाला मुख्य कालवा. तालुक्याहून ग्रामपंचायतीपर्यंत वितरिका. आणि ग्रामपंचायतीहून तुमच्या दुकानात, वस्तीवरच्या घरात जाते ती चारी.

मुख्य कालवा आज बराच भरलेला आहे. अडचण चारीची आहे. आणि चारी कायम कोणीतरी स्थानिक माणूसच सांभाळतो. पुण्यातल्या ऑफिसात बसून कोणी चारीतला गाळ काढत नाही.

सरकारनं वितरिका कुठपर्यंत आणली

२०११ मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरनं जोडायची योजना मंजूर केली. २०१५ मध्ये तिचं नाव 'भारतनेट' झालं. २०१७ च्या शेवटी पहिल्या टप्प्यातल्या एक लाखाहून जास्त पंचायतींचं काम झाल्याचं सरकारनं सांगितलं. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रानं हे काम स्वतः अंगावर घेतलं, ते 'महानेट' या नावानं. तुमच्या ग्रामपंचायतीत भिंतीवर लोखंडी कपाट, आत लुकलुकणारे दिवे असतील, तर ते याच कामातलं असण्याची शक्यता जास्त आहे. बऱ्याच ठिकाणी ते दिवे लुकलुकत नाहीत, हेही आपल्याला माहीत आहे.

का? कारण पहिल्या टप्प्यात तालुक्याहून निघालेली केबल बऱ्याच ठिकाणी सरळ एका ओळीत गेली. एका गावातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. मधे कुठं तुटली की पुढची सगळी गावं बंद. कालवा फुटला की खालची सगळी शेतं कोरडी, तसंच. शिवाय पंचायतीत लाईट गेली की यंत्र बंद. आणि रोज बघायला माणूस नाही.

हे लक्षात आल्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये योजनेची सुधारित आवृत्ती मंजूर झाली. खर्च १,३९,५७९ कोटी रुपये. यात केबल सरळ ओळीऐवजी गोल रिंगमध्ये न्यायची आहे. म्हणजे एका बाजूनं तुटली तरी दुसऱ्या बाजूनं इंटरनेट येत राहील. पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांत फायबर कनेक्शन द्यायचं उद्दिष्ट आहे.

हा पैसा येतो कुठून? टेलिकॉम कंपन्यांना त्यांच्या ठरावीक उत्पन्नाचा ५ टक्के हिस्सा एका निधीत भरावा लागतो. आता त्या निधीचं नाव 'डिजिटल भारत निधी' आहे. कंपन्या पैसे कोणाकडून घेतात? आपल्या रिचार्जमधून. म्हणजे ही लाईन फुकट आलेली नाही, तुमचे-माझे पैसे त्यात आहेत. पंचायतीतलं यंत्र बंद असेल तर ग्रामसभेत विचारायला लाजू नका.

आता आपल्या कामाचा मुद्दा. घराघरात कनेक्शन द्यायचं म्हटलं तर चारी खोदणारा, जोडणारा, बिघडल्यावर रात्री नऊला येणारा माणूस लागतो. तो माणूस तुम्ही असू शकता.

वारणेचा धडा: लोक वायर विकत घेत नाहीत

धंद्यात उतरण्याआधी एक जुनं उदाहरण बघा. १९९८ मध्ये वारणा साखर कारखान्याच्या परिसरात, कोल्हापूर-सांगलीकडच्या ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगावी कॉम्प्युटरची केंद्रं. शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण, सगळं तिथं मिळेल असं मोठं स्वप्न होतं. प्रत्यक्षात शेतकरी त्याचा वापर मुख्यतः कशाला करत होते? उसाच्या नोंदी, वजन, खताचा हिशोब. पुढं २००६-०७ च्या सुमाराला मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी सात गावांत कॉम्प्युटरऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तीच माहिती देऊन पाहिली. काम भागलं, तेही कमी खर्चात.

यातून मी एवढंच शिकलो, की लोक वायर विकत घेत नाहीत, काम विकत घेतात. आपल्याकडं माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती अशा कारखान्यांचं सभासदत्व घरोघरी आहे. बारामतीत कृषी विकास ट्रस्टच्या शेतावर मायक्रोसॉफ्टचं तंत्रज्ञान वापरून उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग झालाय: मातीतले सेन्सर, हवामान केंद्र, उपग्रहाचे फोटो, आणि पाणी-खताचा सल्ला मोबाईलवर. उद्या हे तुमच्या शेजाऱ्याच्या वावरात आलं, तर तिथं नेटवर्क लागणार. पण शेतकरी 'शंभर एमबीपीएस' विचारणार नाही. "सेन्सरचा मेसेज आज का आला नाही?" हे विचारणार.

तुम्ही कुठं बसू शकता: चार जागा

*पहिली, कनेक्शन देणारा भागीदार.* बीएसएनएलच्या फायबरसाठी स्थानिक भागीदार घेतले जातात. भारतनेटची लाईन घरापर्यंत नेण्यासाठी 'भारतनेट उद्यमी' अशी पद्धत आहे, त्यात महिन्याच्या उत्पन्नाची वाटणी होते. खाजगी कंपन्यांची फ्रँचायझी असते. आपल्याकडचे बरेच जुने केबलवाले याच मार्गानं इंटरनेटमध्ये आले, कारण खांब, केबल आणि घरोघरची ओळख त्यांच्याकडं आधीपासून होती.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. स्वतःच्या घरचं कनेक्शन घेऊन शेजारच्या दहा घरांना पैसे घेऊन वाटणं, हा धंदा नाही. इंटरनेट विकायला परवानाधारक कंपनीशी रीतसर करार लागतो. नाहीतर उद्या त्या लाईनवरून कोणी गैरप्रकार केला, तर पोलीस बिलावर ज्याचं नाव आहे त्याच्याकडं येतील.

*दुसरी, वाय-फायचं दुकान.* आठवतो का तो पिवळा एसटीडी-पीसीओचा बूथ? डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली 'पीएम-वाणी' योजना त्याच कल्पनेवर आहे. दुकानदार ब्रॉडबँड घेतो, वाय-फायचं यंत्र लावतो, गिऱ्हाईक छोटी कूपन घेऊन नेट वापरतो. अशा दुकानदाराला पीडीओ म्हणतात. त्याला परवाना लागत नाही, नोंदणी फी लागत नाही. फक्त नोंदणीकृत संस्थेशी जोडून घ्यावं लागतं, ती संस्था गिऱ्हाइकाची ओळख आणि हिशोब सांभाळते. सुरुवातीला कंपन्या पीडीओला साधा प्लॅन देत नव्हत्या, महागडी लाईन घ्या म्हणायच्या. जून २०२५ मध्ये ट्रायनं ठरवलं, की २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीडीओला घरगुती दराच्या जास्तीत जास्त दुप्पट दरानं द्यायचे. हा मोठा फरक आहे.

पण माझा अनुभव प्रामाणिकपणे सांगतो. २०२२ मध्ये मी तीन ठिकाणी असं वाय-फाय लावलं: दुकानात, एसटी स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात आणि एका अभ्यासिकेत. दुकान आणि हॉटेल दोन्ही फसले. २०१६ नंतर मोबाईल डेटा स्वस्त झाला, प्रत्येकाच्या खिशात रोजचा एक-दीड जीबी असतो. चहा पिता पिता कूपन कोण घेणार? अभ्यासिका मात्र आजही चालू आहे. मुलं आठ-आठ तास व्हिडिओ लेक्चर बघतात, त्यांचा डेटा दुपारपर्यंत संपतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये मोबाईलची रेंज धड येत नाही. गरज तिथं होती. मी जागा आधी निवडली आणि गरज नंतर शोधली, ही माझी चूक.

*तिसरी, दुरुस्तीचा माणूस.* फायबर जोडणं म्हणजे काचेच्या केसासारख्या दोन तारा यंत्रात ठेवून वितळवून एक करणं. हे कौशल्य आठवड्यात हाताला लागतं, पक्कं व्हायला काही महिने जातात. त्याबरोबर राऊटर योग्य जागी बसवणं, सीसीटीव्ही जोडणं, लाईट गेल्यावर चालणारा छोटा यूपीएस लावून देणं. भांडवल सगळ्यात कमी इथं लागतं, आणि गिऱ्हाईक आयुष्यभर नंबर सेव्ह ठेवतं.

*चौथी, इंटरनेटवरची सेवा.* डिजिटल सहीचा सातबारा, विम्याचे अर्ज, दुकानदारांना ऑनलाइन विक्री शिकवणं. हा माझा स्वतःचा मुख्य धंदा. इथं लक्षात ठेवा, की लाईन बंद तर गल्लाही बंद.

हिशोब करूया

आता वही-पेन घ्या. खालचे आकडे मी समजण्यासाठी धरलेत. तुमच्या गावचे आकडे तुम्ही टाका.

समजा तुम्ही कनेक्शन देणारे भागीदार झालात. महिन्याचा सरासरी प्लॅन ४५० रुपये, जीएसटी सोडून. तुमचा वाटा निम्मा.

६० कनेक्शन असतील तर जमा २७,००० रुपये, तुमचा वाटा १३,५००. त्यातून लाईट १,०००, पेट्रोल २,०००, केबल-दुरुस्ती १,५००, अर्धवेळ मुलगा ५,०००. एकूण खर्च ९,५००. हातात राहिले ४,०००. सुरुवातीला दीड लाख घातले असतील, तर ते निघायला सदतीस-अडतीस महिने, म्हणजे तीन वर्षांहून जास्त.

१०० कनेक्शन असतील तर तुमचा वाटा २२,५००. खर्च वाढून १२,५०० धरा. हातात १०,०००. भांडवल दोन लाख झालं तरी वीस महिन्यांत वसूल.

फरक बघितलात? कनेक्शन ६० ची १०० झाली, म्हणजे दुपटीनंही वाढली नाहीत. पण हातात राहणारी रक्कम अडीच पट झाली. कारण तुमचा मुलगा, तुमची गाडी, तुमचं यंत्र दोन्हीकडं जवळपास तेवढंच आहे. या धंद्यात सगळा खेळ एकाच केबलवर किती घरं, याचा आहे.

आणि आपल्याकडची खरी अडचण नेमकी इथंच आहे. गावठाणात घराला घर लागून. पण आपले निम्मे लोक मळ्यात, वस्तीवर राहतात. एका वस्तीसाठी सहाशे मीटर केबल टाकली आणि तिथं दोनच घरं निघाली, तर ती केबल वसूल कधी होणार? म्हणून आधी गावठाण भरा. मग ज्या वस्तीवर पाच-सहा घरं एकत्र तयार होतील, तिथं जा. एकट्या लांबच्या घरासाठी छतावरून छतावर वायरलेस जोडणी करता येते. त्यासाठी लागणाऱ्या ५ गिगाहर्ट्झच्या ठरावीक लहरींना वेगळा परवाना लागत नाही, पण दोन्ही अँटेनांना एकमेक सरळ दिसले पाहिजेत. मधे चिंचेचं झाड आलं की संपलं.

अजून तीन गळत्या सांगतो. एक, गिऱ्हाइकाकडून आलेला जीएसटी तुमचा नाही, तो गल्ल्यात मोजू नका. दोन, उधारी ठेवू नका, आधी पैसे मग महिना. ओळखीच्या माणसाला हे सांगणं जड जातं, पण पहिल्या दिवशी सांगितलं तर कोणी रागावत नाही. तीन, ऊसतोडणीचा हंगाम. ट्रॉलीवर मोळ्या केबलपेक्षा उंच रचलेल्या असतात, रस्ता ओलांडणारी खाली लोंबणारी केबल पहिल्याच आठवड्यात ओढून नेतात. पाचट पेटवलं की बांधावरची केबल वितळते. हंगामाआधी एकदा सगळ्या रस्त्यांवरच्या केबल वर उचलून बांधा, आणि डिसेंबर-जानेवारीचा दुरुस्ती खर्च वेगळा धरा.

खांबाचंही बघा. महावितरणच्या खांबाला परवानगीशिवाय केबल बांधू नका, त्यात जिवाला धोका आहे. रस्ता खोदायचा तर ग्रामपंचायतीची किंवा संबंधित खात्याची परवानगी घ्या. केबल टाकण्याच्या परवानग्यांसाठी केंद्राचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेत, तुमच्या कंपनीकडून त्याचे कागद मागून घ्या.

दुसरी लाईन म्हणजे नेमकं काय

त्या दिवशी माझा मोबाईल डेटा का लटकला, हे मला नंतर एका लाईनमननं समजावलं. मोबाईल टॉवर हवेत बोलतो फक्त आपल्याशी. मागं बऱ्याच टॉवरना फायबरच लागते. आमच्या भागातल्या टॉवरची फायबर त्याच रस्त्याच्या कडेनं गेलेली. जेसीबीनं दोघांनाही एकदमच कापलं.

म्हणून दोन कंपन्यांची कनेक्शन घेतली म्हणजे दोन लाईन झाल्या, असं समजू नका. दोन्ही केबल एकाच चरातून येत असतील तर ती एकच लाईन आहे. विचारायचा प्रश्न हा: "तुमची केबल कोणत्या रस्त्यानं येते?" एक महामार्गाच्या बाजूनं येत असेल आणि दुसरी बारामतीकडून, तर खरा बॅकअप. भारतनेटच्या रिंगची कल्पना हीच आहे, आपण ती दुकानापुरती वापरायची.

आणि तुमच्याकडं कोणी खोदकाम करणार असेल, तर त्याला 'कॉल बिफोर यू डिग' ॲपबद्दल सांगा. मार्च २०२३ मध्ये सुरू झालंय. खोदणाऱ्यानं आधी कळवलं की जमिनीखाली ज्यांची केबल आहे त्यांना निरोप जातो. सगळे वापरत नाहीत. तुम्ही मात्र जेसीबीवाल्याला चहा पाजून केबल कुठून गेलीय ते दाखवू शकता. मी दाखवतो.

या आठवड्याचं काम

पैसे घालण्याआधी सात दिवसांत एवढं करा:

१. गावठाणातली घरं आणि वस्त्या कागदावर काढा. कुठं किती घरं, किती अंतर.

२. वीस घरांत जा. "नेट हवंय का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "सध्या महिन्याला रिचार्जवर किती जातात आणि कशासाठी नेट अडतं?" असं विचारा.

३. पंचायतीतलं यंत्र चालू आहे का, बघा. बंद असेल तर कधीपासून, लिहून ठेवा.

४. शाळा, दवाखाना, अभ्यासिका, दूध संकलन केंद्र, पतसंस्था यांची यादी करा. दिवसभर नेट लागणारं गिऱ्हाईक हेच.

५. तालुक्यातल्या एका चालू भागीदाराकडं एक दिवस फुकट काम करा. रात्रीचे फोन किती येतात, ते मोजा.

६. वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी करा. दोन वर्षांत पैसे निघत नसतील तर थांबा. तिसरी किंवा चौथी जागा निवडा.

७. तुम्ही आधीच दुकानदार असाल, तर दुसऱ्या रस्त्यानं येणारी लाईन आणि छोटा यूपीएस. याला खर्च म्हणू नका, हा दुकानाच्या शटरइतकाच गरजेचा आहे.

माझ्याकडं आता दोन लाईन आहेत, दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी येणाऱ्या. दोन्हींचा मिळून महिन्याचा खर्च त्या दिवशीच्या बुडालेल्या गल्ल्यापेक्षा कमी आहे. हे गणित मला आधीच करता आलं असतं.

ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरायला आली. माझ्याच दुकानात. वडील बाहेर गाडीवर बसून होते. फॉर्म गेला, पावती निघाली, मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी आत डोकावून डब्यावरचे दिवे बघितले आणि विचारलं, "दोन्ही चालू आहेत ना?"

मी म्हटलं, "दोन्ही."

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत गावाचा नकाशा काढून ठेवा.